सोबत्याचें तिकीट

इंग्लंड देशांत फुटबॉलच्या खेळाचें वेड केवढें आहे याची कल्पना आमच्या खेड्यांतील वाचकांस कुस्तीच्या फडावरून करतां येईल. जत्रेंत नामांकित मल्लांची जोड लागली म्हणजे पंचक्रोशींतील लोक जसे लोटतात, तसे त्या देशांत ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत आठवड्यामागून आठवडा लोक क्रीडांगणांकडे लोटत असतात. मात्र तेथें तिकिटावांचून आंत जातां येत नाहीं, आणि तिकीट स्वस्त नसतें. लहान मुलांस व वृद्धांस बहुतेक क्लब कमी दरानें तिकीट देतात. बापाचा हात धरून पाहिलेला पहिला सामना पुष्कळ माणसें मरेपर्यंत विसरत नाहींत.

त्या गर्दींत एखादें मूल असें असतें कीं, त्याला चालतां येत नाहीं, किंवा दिसत नाहीं, किंवा मोठा गोंगाट झाला म्हणजे तें घाबरें होतें, किंवा त्याला फेफरें केव्हां येईल याचा नेम नसतो. खेळाचें प्रेम त्याला इतर मुलांइतकेंच असतें. आपल्या संघांतील गड्यांचीं नांवें त्याला तोंडपाठ असतात. परंतु तें एकटें येऊं शकत नाहीं. खुर्ची ढकलण्यास, औषध देण्यास, शौचास नेण्यास, भय वाटल्यास जवळ घेण्यास कोणी तरी मोठें माणूस त्याच्या शेजारीं बसलें पाहिजे. आतां प्रश्न असा कीं, या सोबत्याच्या तिकिटाचे पैसे कोणी द्यावे?

प्रश्न दिसण्यांत लहान आहे, आणि तो दूर देशचा आहे. शिवाय खेळ पाहणें ही कांहीं अन्नवस्त्रासारखी गरज नव्हे, असेंही कोणी म्हणेल. परंतु न्याय कशास म्हणावें व दया कशास म्हणावें, हा जुना प्रश्न याच्या पोटांत आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांच्या दारापर्यंत कसा येतो तें आम्ही शेवटीं सांगूं.

प्रथम तेथील वहिवाट पाहूं. त्या देशांत 2010 सालीं समानतेचा कायदा झाला. त्याअन्वयें जो कोणी लोकांस एखादी सेवा पुरवितो त्यानें अपंग माणसाची अडचण दूर होईल अशी वाजवी तजवीज केली पाहिजे, आणि त्या तजविजीचा खर्च त्या अपंग माणसापासून वसूल करूं नये. सोबत्याचें तिकीट फुकट असावें, असें मात्र कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलेलें नाहीं. म्हणून वाजवी तें कोणतें याचा अर्थ निरनिराळा केला जातो. पुष्कळ क्लब सोबत्यास फुकट आंत घेतात, व त्यासाठीं अपंगत्वाचा दाखला मागतात. सोळा वर्षांखालील मुलाच्या सांभाळासाठीं सरकारकडून जो भत्ता मिळतो, त्याचा कागद बहुधा दाखला म्हणून चालतो. परंतु ‘फुकट’ हा एकच शब्द दोन तऱ्हांनीं वापरतां येतो, आणि खरी गोम येथेंच आहे.

समजा, एका क्रीडांगणांत मोठ्या माणसाचें तिकीट 40 पौंड व मुलाचें तिकीट 15 पौंड आहे. सोळा वर्षांचा एक धडधाकट मुलगा आपल्या मित्रांबरोबर येतो. त्याला अजून मुलांचाच दर लागू आहे, म्हणून तो 15 पौंड देतो. त्याच्याच वर्गांतील अपंग मुलगा आपल्या आईबरोबर येतो. एक क्लब म्हणतो, दोघांचेहि पैसे द्या. तेव्हां त्या घराला 55 पौंड पडतात. दुसरा म्हणतो, दोघां मिळून मोठ्या माणसाचें एक तिकीट घ्या, दुसरें आम्हीं सोडलें. तेव्हां 40 पौंड पडतात. तिसरा म्हणतो, मुलानें मुलाचें तिकीट घ्यावें, आईनें कांहीं देऊं नये. तेव्हां 15 पौंड पडतात.

दुसऱ्या क्लबाचें करणें उदारपणाचें दिसतें. एक तिकीट सोडलें हें तर खरेंच आहे. परंतु नीट पाहिलें असतां कळून येईल कीं, आईच्या नांवानें जें सोडलें त्यांतील 25 पौंड मुलाच्या माथीं मारले. दोघे एकाच वर्गांतले, एकाच वयाचे, एकाच संघाचे भक्त. पण एकानें 15 द्यावे व दुसऱ्यानें 40 द्यावे, याला पहिल्याचे पाय चालतात व दुसऱ्याचे चालत नाहींत यापलीकडे कारण सांपडत नाहीं. अपंगत्वावर कोणी कर बसविला, असें आम्ही ऐकिलें तर कानांवर हात ठेवूं. परंतु हा कर नव्हे तर काय आहे? घेणाऱ्याला तो कर आहे हें ठाऊक नसेल, इतकेंच.

आमच्या देशांतील एक उदाहरण वाचकांच्या ओळखीचें आहे. ज्या अपंग मनुष्यास सोबत्यावांचून प्रवास करतांच येत नाहीं, त्याला आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या मूळ भाड्यांत शेंकडा 75 सूट मिळते, आणि त्याच्या एका सोबत्यासहि तितकीच सूट मिळते. मार्च 2020 मध्यें रेल्वेनें वृद्धांची सवलत बंद केली, परंतु अपंगांची चालू ठेविली. येथें सोबती अगदीं फुकट जात नाहीं. भाडें 100 रुपये असेल तर दोघे मिळून 50 रुपये देतात. रीत निराळी, पण तिच्या मुळाशीं असलेला विचार बरोबर आहे. सोबत्याचा प्रवास हा स्वतंत्र प्रवास नव्हे, तो त्या अपंग मनुष्याच्या प्रवासाचाच भाग आहे, आणि दोघांचा मिळून खर्चहि एकट्या निरोगी प्रवाशाच्या भाड्याहून अधिक होऊं नये, हें त्यांत मान्य केलें आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. मोशेच्या नियमशास्त्रांत द्रव्य देण्याविषयींच्या दोन आज्ञा आहेत, व त्या प्रथमदर्शनीं एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, इस्राएलाची गणती होईल तेव्हां प्रत्येकानें आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल द्यावा. श्रीमंतानें अधिक देऊं नये व गरिबानें कमी देऊं नये. येथें सर्वांस एकच दर आहे. परंतु लेवीयाच्या बाराव्या अध्यायांत बाळंत झालेल्या स्त्रीच्या अर्पणाविषयीं सांगतांना, तिला कोंकरूं आणण्याची ऐपत नसल्यास दोन पक्षी चालतील अशी सूट ठेविली आहे. आमच्या प्रभूच्या आईबापांनीं बाळ येशूला मंदिरांत आणिलें तेव्हां हेंच गरिबांचें अर्पण दिलें, हें लूकानें लिहून ठेविलें आहे.

मग देवाची समता कोणती? सर्वांस एक दर ही, कीं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें दर ही? आम्हांस वाटतें कीं दोन्ही आज्ञांचा हेतु एकच आहे. अर्धा शेकेल सांगतो कीं, देवापुढें एका जिवाचें मोल दुसऱ्याहून कमी नाहीं व अधिक नाहीं. दोन पक्षी सांगतात कीं, ऐपत नाहीं एवढ्यासाठीं कोणी वेदीपासून दूर राहूं नये. पक्षी आणणाऱ्या स्त्रीचें अर्पण अर्धें झालें, असें याजकानें म्हणावयाचें नव्हतें; तेंहि पुरें अर्पणच होतें.

हेंच माप आम्ही त्या अपंग मुलास लावितों. त्यानें आपला अर्धा शेकेल द्यावा. म्हणजे त्याच्या वयाचीं इतर मुलें जें देतात तेंच द्यावें, अधिक नाहीं व कमीहि नाहीं. त्याला फुकट सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. स्वतःचें तिकीट स्वतःच्या हातांनीं दाखवून आंत जाण्यांत जो मान आहे तो त्याचा कोणी हिरावून घेऊं नये. आणि त्याची आई ही त्याच्यासाठीं ठेविलेली सूट आहे. ती त्याचे पाय आहे, ती त्याचे डोळे आहे. पायांचें तिकीट निराळें कोणी मागत नाहीं.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, व ते पोकळ नाहींत. म्हणून त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, सोबतीहि सामना पाहतोच. मग त्यानें पैसे कां देऊं नयेत? खरी गोष्ट अशी कीं, मुलाचा सांभाळ करणाऱ्याचा अर्धा जीव खेळांत व अर्धा मुलांत असतो, आणि ऐन रंगाच्या वेळीं त्याला उठून जावें लागणार नाहीं याची खात्री नसते. तरी तो आनंदानें पाहतो असेंच धरूं. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांतील नियम आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकें बांधूं नये. खळ्यावर फिरतांना बैलानें दोन कणसें खाल्लीं तर त्याचा हिशेब मालक मांडीत नाहीं. मग जी आई सोळा वर्षें उचलून उचलून कंबरेंत वांकली, तिनें एक दुपार मुलाबरोबर टाळी वाजविली, तर तिच्या टाळीचा हिशेब कां मांडावा?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आठ वर्षांचें धडधाकट मूलहि एकटें येत नाहीं. त्याचा बाप पुरें तिकीट काढून त्याला आणितो. मग आठ वर्षांच्या अपंग मुलाच्या बापाला सूट दिली तर पहिल्या बापावर अन्याय होत नाहीं काय? याचें उत्तर देतांना वयानें आलेलें ओझें व अपंगत्वानें आलेलें ओझें यांत भेद केला पाहिजे. धडधाकट मुलाला बापाला वेळ नसेल तर शेजारी नेईल, मामा नेईल. एक मनुष्य आपल्याबरोबर तीन मुलें आणील. अपंग मुलाला असें कोणाच्याहि गळ्यांत टाकतां येत नाहीं. त्याला जो ओळखतो, त्याची सवय ज्याला आहे, तोच पाहिजे, आणि त्यानें त्या वेळीं दुसरें कोणाचेंहि पाहतां कामा नये. शिवाय वयाचें ओझें दरवर्षीं हलकें होत जातें. दुसरें तसें होत नाहीं, उलट शरीर वाढतें तसें तें जड होतें. म्हणून लहान वयांतहि सूट द्यावी हें आम्हांस अधिक बरें वाटतें. तरी एखाद्या क्लबानें अगदीं लहान मुलांपुरता निराळा नियम केला, तर तेवढ्यावरून त्याला अन्यायी म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. परंतु ज्या वयांत इतर मुलें एकटीं येऊं लागतात, त्या वयापुढें सोबत्याचे पैसे मागणें, किंवा ते मुलाच्या तिकिटांत मिसळून घेणें, याला कोणतीहि सबब पुरणार नाहीं.

तिसरा आक्षेप लबाडीचा. लोक खोटे दाखले आणितील, अपंग मुलाच्या नांवावर चैन करितील, असें म्हणतात. अशीं माणसें असतात हें शास्त्रहि लपवीत नाहीं. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनीं लंगडा होता, व सीबा हा त्याचा कारभार पाहणारा चाकर होता. दावीद राजा अबशालोमापुढून पळून जात असतां या सीबानें धन्याविषयीं राजाला खोटें सांगितलें, आणि दावीदानें चौकशी न करितां धन्याचें सारें वतन चाकराला देऊन टाकिलें. लबाडी केली सोबत्यानें, आणि शिक्षा झाली पंगु मनुष्याला! पुढें मफीबोशेथ भेटला तेव्हां राजाचे डोळे उघडले, तरी त्यानें जमीन निम्मीच परत केली. चांगल्या राजाच्या हातून झालेली ही चूक आजहि घडते. शंभरांत एक सीबा निघेल या भीतीनें बाकीच्या सर्व मफीबोशेथांस दरवाजावर अडवितात. दाखला अवश्य पाहावा. पण तो एकदां पाहून नोंद करून ठेवावी. दरवेळीं शेंकडों लोकांच्या रांगेंत मुलाचें दुखणें आईच्या तोंडून वदवूं नये. त्या मुलालाहि कान असतात, आणि आपल्यामुळें आई अपराध्यासारखी उभी आहे हें त्याला कळतें. अशा एका प्रसंगानंतर तें घरीं म्हणेल, आई, पुन्हां नको जाऊं या. त्या शब्दांची किंमत कोणत्या खिडकीवर भरून मिळणार?

येथें मुख्य गोष्टीवर आम्ही येतों. ही सूट दया आहे कीं न्याय आहे? दया असेल तर देणारा ती मनास येईल तेव्हां देईल, मनास येईल तेव्हां काढून घेईल, आणि घेणाऱ्यानें प्रत्येक वेळीं हात जोडले पाहिजेत. न्याय असेल तर मुलानें कोणाचे उपकार मानण्याचें कारण नाहीं. 13 डिसेंबर 2006 रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें अपंगांच्या हक्कांचा जो करार मंजूर केला, त्याच्या तिसाव्या कलमांत अपंग मुलांस इतर मुलांच्या बरोबरीनें खेळांत व मनोरंजनांत भाग घेतां यावा असें म्हटलें आहे. आमच्या देशानें तो करार 2007 सालीं व इंग्लंडच्या सरकारनें 2009 सालीं मान्य केला. पुढें आमच्याकडे 2016 सालीं अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला, त्यांत सांभाळ करणाऱ्या मनुष्याची व्याख्याहि घातली आहे. तो पगार घेवो वा न घेवो, आईबाप असो वा दुसरा कोणी असो. राष्ट्रांनीं ज्याला हक्क म्हटलें, त्याला देवाच्या लोकांनीं भिक्षा म्हणूं नये.

आणि दर ही कांहीं आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे. इंग्लंडांतील अव्वल प्रतीच्या वीस क्लबांनीं 2016 सालीं एकत्र बसून असें ठरविलें कीं, परगांवीं आपल्या संघामागें जाणाऱ्या भक्तांपासून तिकिटाचे 30 पौंडांहून अधिक घेऊं नयेत. म्हणजे मनांत आणिलें तर दर बांधतां येतो. याच क्लबांनीं सप्टेंबर 2015 मध्यें असें वचन दिलें होतें कीं, ऑगस्ट 2017 पर्यंत आपलीं क्रीडांगणें अपंगांच्या सोयीचीं करूं. मुदत संपली तेव्हां सर्वांचें काम पुरें झालें नव्हतें, तरी पुष्कळ ठिकाणीं उतार व रुंद जागा झाल्या. परंतु उतार बांधून खिडकीवर दुप्पट पैसे मागितले, तर एक पायरी काढून दुसरी बांधल्यासारखें होतें. आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नका, ही लेवीयांतील आज्ञा केवळ दगडधोंड्यांविषयीं आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आमच्या दाराकडे येऊं. आमच्या मंडळ्यांचे वार्षिक मेळावे भरतात, तेव्हां जेवणाची व मोटारीची वर्गणी डोईमागें घेण्याची चाल आहे. ही अर्ध्या शेकेलाची चाल आहे, आणि ती चांगली आहे. परंतु जिचा मुलगा उचलून न्यावा लागतो अशी एखादी विधवा आपल्यांत आहे काय? तिला कदाचित् मेळाव्याला यावयाचें नव्हतें. मुलाला गाणीं ऐकावयाचीं होतीं, म्हणून ती येते. तिच्यापासून दोन वर्गण्या घेतांना सेवकांनीं हा सर्व विचार केला आहे काय? बहुधा ती कांहीं बोलणार नाहीं. पैसे नाहींत असें न सांगतां, त्याची प्रकृति बरी नाहीं असें सांगून ती घरीं राहील, आणि आपण वहींत दोघे गैरहजर असें लिहूं. प्रभुभोजनाच्या दिवशींहि असें घडतें. पंगु मनुष्य येऊं शकला नाहीं हें सर्वांच्या ध्यानांत येतें. त्याच्यापाशीं बसण्यासाठीं जो घरीं राहिला तो ध्यानांत येत नाहीं.

पौलानें गलतीकरांस लिहितांना एकमेकांचीं ओझीं वाहा असें सांगितलें, आणि लगेच प्रत्येकानें आपला भार वाहावा असेंहि सांगितलें. दोन्ही खरीं आहेत. मुलानें आपली वर्गणी द्यावी, हा त्याचा भार आहे. त्याला उचलून आणण्याचा खर्च मात्र एकट्या आईचा नव्हे, तो मंडळीचा आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, पुढच्या मेळाव्याची वर्गणी ठरवावयास पंच बसतील तेव्हां त्यांनीं एक ओळ वहींत आधींच लिहून ठेवावी: ज्यास सोबत्यावांचून येतां येत नाहीं त्याच्या सोबत्याची वर्गणी नाहीं. तिनें येऊन मागावी अशी वाट पाहूं नये. मागावें लागलें कीं न्यायाची दया होते.

कफर्णहूमांत चौघांनीं एका पक्षघाती मनुष्याला उचलून आणिलें, व दारांतून वाट मिळेना म्हणून छप्पर उकलून त्याला प्रभूपुढें खालीं सोडिलें. त्या घरांत दाटी होती. चौघांनीं चार माणसांची जागा अडविली असेल, आणि छपराचेंहि नुकसान झालें. तरी प्रभूनें त्यांस तुम्ही कोण, तुमचें येथें काय काम, असें विचारिलें नाहीं. त्यानें त्यांचा विश्वास पाहिला, आणि खाटेवर पडलेल्या मनुष्याशीं तो बोलला. वाचकहो, आपल्या मंडळीच्या दाराशीं अशी एखादी खाट येऊन थांबली असेल. ती वाहणाऱ्यांस आधीं आंत घ्या.